बुधवारच्या बाई

बाईंना ‘फक्त’ हा शब्द अजिबात खपायचा नाही. दवाखान्याच्या खिडकीवरून परत आलेला एखादा बाप म्हणाला, "काम झालंय बाई, फक्त एक सही राहिलीये," की त्या डोळे मिटून घ्यायच्या. "फक्त म्हणाला का तो? मग अजून दोन खेपा धरा." आणि त्या दोन खेपा पडायच्याच. पुढे आमच्या घरातही ती सवय शिरली. माझा नवरा फोनवर म्हणायचा, "निघालोच आहे, फक्त..." आणि पलीकडे मी न ऐकताच कुकर उतरवून ठेवायची.

दर बुधवारी नाशिकच्या एका सरकारी दवाखान्यात लहान मुलांची अपंगत्वाची तपासणी असायची. कागदावर आता दिव्यांग लिहितात, पण तिथल्या बोळात बसलेले आईबाप एकमेकांना विचारताना अजून जुनाच शब्द वापरतात. मुलाला तपासायचं, टक्के ठरवायचे, दाखला द्यायचा. त्या दाखल्यावर मग बाकीचं सगळं: विमा, एसटीची सवलत, शाळेतली मदत. बाई त्या दिवशी मनमाडहून सकाळच्या गाडीनं यायच्या आणि तपासणीच्या खोलीबाहेर, जिन्याखाली, सोबत आणलेलं घडीचं स्टूल उघडून बसायच्या. त्यांना तिथं कुणी नेमलेलं नव्हतं. त्या कुठल्या संस्थेच्या नव्हत्या. त्यांचं नावही आम्हाला ठाऊक नव्हतं. कुणी मनमाडच्या बाई म्हणायचं, कुणी बुधवारच्या बाई. हाक मारायला ‘बाई’ पुरायचं.

कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पोरांचे असतात तसे पांढरे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि पदराला ओळीनं लावलेले कपडे वाळत घालायचे चिमटे. प्लॅस्टिकचे, रंगीत. एकेका कुटुंबाच्या कागदांना एकेक चिमटा. मला पहिल्यांदा वाटलं, बाईंच्या डोक्यावर काहीतरी परिणाम झालाय. मग पाहिलं की कुणाचं आधारकार्ड कुणाच्या फाइलीत जात नाही, कुणाचा फोटो हरवत नाही. माणसांना त्या रंगानंच ओळखायच्या. "जांभळ्याचं काय झालं? गेल्या बुधवारी आले नाहीत ते." जांभळा म्हणजे सिन्नरकडचं एक जोडपं. आम्ही हिरवे होतो.

आमची गाठ पडली तेव्हा माझी सई अडीच वर्षांची होती. जन्मताना तिला श्वास घ्यायला उशीर झाला आणि मेंदूला इजा पोचली. पाय कडक, डावा हात मुठीतच, बोलणं नाही. मी गंगापूर रोडला एका लॅबमध्ये काउंटरवर बसायची, ते सोडलं. तिचा तात्पुरता कागदी दाखला आम्ही मोठ्या कष्टानं काढला होता. त्या बुधवारी सकाळी सातपासून रांगेत उभी राहून मी तो खिडकीत दिला, तर आतला माणूस म्हणाला, "हा आता चालत नाही. सगळं ऑनलाइन झालंय. कार्ड काढा." मी विचारलं, कुठं काढायचं? तो म्हणाला, "ऑनलाइन." मी सईला कडेवर घेऊन जिन्यापाशी आले आणि रडायला लागले.

"रडायचं असेल तर आधी कागद इकडे द्या," जिन्याखालून आवाज आला. "शाई पसरते."

मी कागद दिले. त्यांनी ते चाळले, हिरवा चिमटा लावला आणि विचारलं, "किती वाजता आलात?"

"सातला."

"सातला कुणी बोलावलं होतं? खिडकी साडेदहाला उघडते. सातला येऊन माणूस दमतं, दुसरं काही होत नाही. आणि दमलेल्या माणसाला कुणीही काहीही सांगून घरी पाठवतं."

असं त्यांचं बोलणं. मऊ नाही. नोकरीभर त्या मनमाड जंक्शनवर चौकशीच्या खिडकीत होत्या, गाड्यांची घोषणाही करायच्या. त्यांचं म्हणणं असं, की लोक जे विचारतात ते त्यांना विचारायचं नसतं. "माणूस विचारतो, गाडी किती लेट आहे. त्याला खरं विचारायचं असतं, आई जिवंत असताना मी पोचेन का. खिडकीतल्याला हे कळलं पाहिजे." बोळातसुद्धा त्या तसंच करायच्या. एखादी आई विचारायची, फोटोची साइज किती लागते. बाई तिच्याकडे बघत राहायच्या आणि म्हणायच्या, "घरून कुणी विरोध करतंय का दाखला काढायला?" त्या आईचा चेहरा उतरायचा. सासू म्हणत असायची, दाखला काढला की पोराच्या कपाळावर कायमचा शिक्का बसेल. मग बाई फोटोचं बाजूला ठेवून त्या सासूशी फोनवर बोलायच्या.

नियम त्या काळात सारखे बदलत होते. आज या कागदाची झेरॉक्स, पुढच्या महिन्यात तोच कागद नको. कुठल्या मुलाला पाच वर्षांपर्यंतचा दाखला, कुणाला पुन्हा तपासणी, कुणाच्या अपंगत्वाचं जुनं नाव नव्या यादीत कुठं बसतं, काही सांगता यायचं नाही. नवं परिपत्रक निघालं की बाई ते घरी न्यायच्या आणि पुढच्या बुधवारी स्वतःच्या हातानं, ठळक अक्षरात, एका पानावर उतरवून आणायच्या. ‘सदरहू’, ‘उपरोक्त’, ‘तत्संबंधी’ सगळं वगळून. एकदा त्या पानावर नुसतं एवढंच होतं: "जुना कागद फाडू नका. नवीन कार्ड येईपर्यंत जुन्यावर काम होतं. नाही म्हणाले तर लिहून मागा." बारा पानांच्या परिपत्रकाचं हे सार. समोरचा झेरॉक्सवाला ते पान वर्षभर काचेला चिकटवून होता.

मोबाइलशी मात्र त्यांचं वैर होतं. त्यांच्याकडे बटणांचा फोन, तोही पिशवीच्या तळाशी. ऑनलाइन फॉर्म भरायची वेळ आली की त्या माझ्याकडे बघायच्या. लॅबमध्ये कॉम्प्युटरवर बसायची सवय होती मला. अशी मी हळूहळू सईची आई आणि बाईंचा हात दोन्ही झाले. सई त्यांच्या स्टुलाशेजारी सतरंजीवर चिमटे एकमेकांना जोडत बसायची आणि मी इतरांचे फॉर्म भरायची.

का येता म्हणून विचारलं की दर वेळी निराळं उत्तर. "रेल्वेचा पास आहे, वापरायला नको?" किंवा, "बुधवारी आमच्याकडे पाणी येत नाही, घरी बसून काय करू?" मनमाडला पाणी कुठल्याच वारी धड येत नाही, हे आम्हालाही माहीत होतं.

पेठच्या बाजूचा एक बाप आपल्या पाच वर्षांच्या रघूला घेऊन यायचा. दोन एसट्या बदलून, मुलाला पाठुंगळी बांधून. रघूच्या दोन्ही मुठी आवळलेल्या. पाच वर्षं झाली की आधारला बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि आधार अद्ययावत नसेल तर नव्या कार्डाचं पुढं सरकत नव्हतं. त्याला आधारच्या केंद्रावरून तीनदा परत पाठवलं होतं.

"पोराची मूठ उघडत नाय बाई," तो म्हणाला. "धरून उघडाया गेलं तं लयच आवळतो. मंग रडतो. मंग मशीनवाली म्हणती, घेऊन जा."

बाई उठल्या. स्टूल घडी केलं. "चला."

आम्ही चार-पाच जण त्या केंद्रावर गेलो. मशीनवर एक तरुण मुलगी होती, वाईट नव्हती, पण मागं तीस-चाळीस माणसांची रांग होती आणि पंखा बंद होता. तिनं रघूचा हात धरला तसा तो ताठ झाला. बाप त्याच्या बोटांशी झटू लागला. बाई म्हणाल्या, "सोडा त्याला. दोघंही सोडा." मग त्या रघूच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या आणि एकदम घोषणेच्या आवाजात सुरू झाल्या.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मनमाडहून लासलगाव, निफाडमार्गे नाशिकरोडला जाणारी रघुनाथ एक्स्प्रेस थोड्याच वेळात फलाट क्रमांक एकवर येत आहे."

तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. रोजच्या बोलण्यातला करकरीतपणा त्यात नव्हता. लांबून, वाऱ्यावरून यावा तसा होता. अख्खं केंद्र गप्प झालं. रघूनं मान वळवली.

"गाडीचं इंजिन," बाई म्हणाल्या आणि त्याच्या अंगठ्याला नुसतं बोट टेकवलं, "अजून यार्डात उभं आहे. घाई नाही. इंजिनाला सवड झाली की निघेल."

इंजिन निघायला दहा मिनिटं लागली. मग एकेक डबा. लासलगावला गाडी थांबली, कांद्याच्या गोण्या चढल्या, एक गोण फुटली, कांदे फलाटभर पळाले, आणि रघूला हसू फुटलं. हसला तशी मूठ सैल झाली. मशीनवरच्या मुलीनं श्वास रोखून त्याची चार बोटं काचेवर टेकवली. रांगेतून कुणी ओरडलं, "अहो, आमचं कधी?" बाईंनी त्याच सुरात सांगितलं, "गाडी उशिरानं धावत असल्यामुळे होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." लोक हसले. मागचा एक म्हातारा म्हणाला, "होऊ द्या पोराचं."

तासाभरानं शेवटचा अंगठा उमटला. बापानं रघूला पुन्हा पाठुंगळी घेतलं. मग म्हणाला, "आमच्याकडं गाडी नाय बाई. यानं गाडी अजून पाहिलीच नाय."

"मग बघायला या," बाई म्हणाल्या. "मनमाडला दिवसभर दुसरं आहेच काय?"

आता माझी गोष्ट सांगायला हवी. ती सांगताना अजूनही मला खाली बघावंसं वाटतं.

सई पाच वर्षांची होत आली आणि बाईंच्या त्या पानाच्या जोरावर इतके दिवस चाललेल्या तिच्या कागदी दाखल्याची मुदत संपली. नव्या पद्धतीनं पुन्हा तपासणी होणार होती. तोवर तिच्या पायांना आधाराचे स्प्लिंट बसले होते, आणि दीड वर्षाच्या थेरपीनं ती भिंत सोडून चार-सहा पावलं टाकायला लागली होती. घरात आम्ही तिच्या एकेका पावलाला टाळ्या वाजवत होतो. आणि बोळात मला एक जण म्हणाली, "ताई, चालली ना ती डॉक्टरसमोर, की टक्के उतरतील. चाळीसच्या खाली गेलं की सगळं बंद. आमच्या जावेच्या पोराचं तेच झालं." त्या विम्यावर तिची थेरपी चालली होती. थेरपीमुळं ती चालत होती. आणि चालली तर थेरपी जाणार होती. मी आठवडाभर यावर विचार केला आणि मग सईला शिकवलं. म्हटलं, "डॉक्टरकाका म्हणाले चाल, तरी नाही चालायचं. आईच्या मांडीवरच बसायचं. आपला खेळ आहे." ती समजूतदार पोर, तिनं मान हलवली.

त्या बुधवारी नंबर यायच्या आधी मी तिला पुन्हा तेच बजावत होते. शेजारी बाई होत्या. त्यांनी ऐकलं. माझ्या फाइलीवरचा हिरवा चिमटा काढला, फाइल माझ्या मांडीवर ठेवली आणि स्टूल उचलून बोळाच्या दुसऱ्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून बसल्या.

मला भयंकर राग आला. आणि त्याच रागात मी सईला घेऊन आत गेले.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी सईचे पाय हलवून पाहिले, विचारलं, "बाळ, चालून दाखवतेस का?" सईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत भीती नव्हती. ती विचारत होती, खेळ अजून चालू आहे का? तिला चालायचं होतं. पाच वर्षांच्या आयुष्यात तिला जमलेली ती एकुलती मोठी गोष्ट होती आणि ती दाखवायला समोर एक अख्खा डॉक्टर मिळाला होता. मी म्हटलं, "चाल."

ती नऊ पावलं चालली. घरी कधी इतकी चालली नव्हती. टेबलाची कड धरून वळली आणि आमच्याकडे बघून हसली. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

काही आठवड्यांनी कार्ड आलं. पांढरं. चाळीसच्या खालच्यांना पांढरं येतं. विमा गेला, सवलत गेली. नवरा एवढंच म्हणाला, "तुझ्या त्या बाईंमुळं." मी उलट बोलले नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. दोन महिने मी बुधवारी तिकडे फिरकले नाही. घरीच सईचे पाय ताणून द्यायचे, ती रडायची, मी चिडायची.

मग एका बुधवारी मी गेले ते भांडायलाच. बाई कुणाचे तरी कागद लावत होत्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्हाला काय? तुमचं पोर आहे का यात? तुम्ही पाठ फिरवून बसलात. माझ्या पोरीचं सगळं गेलं."

बाई उभ्या राहिल्या. मी थांबेपर्यंत उभ्याच होत्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मला पेन्शन आहे, मला तत्त्व परवडतं. मी पाठ फिरवायला नको होती. तुमच्याशी बोलायला हवं होतं." हातातले कागद स्टुलावर ठेवून म्हणाल्या, "मला राग तुमचा नव्हता आला. पोरीनं चालायचं थांबवून दाखवायचं, अशी वेळ येते याचा आला होता. तो तुमच्यावर काढला."

मला वाटलं होतं त्या वाद घालतील. त्यांनी माझ्याशी वाद घातला असता तर बरं झालं असतं. मी खाली सतरंजीवर बसले.

"फॉर्म कुणी भरला होता?" त्यांनी विचारलं.

"मीच. घरी."

"दाखवा."

मोबाइलवर मी तो काढला. त्यांनी चष्मा नाकावर ढकलला आणि बोट न लावता, दुरूनच वाचला. "इथं काय निवडलंय? चालण्याचा त्रास. बस? आणि डावा हात? आणि बोलणं?"

मी फॉर्म वरखाली सरकवून पाहिला, हात आणि बोलणं त्यात नव्हतंच. जुन्या कागदाच्या वेळी डॉक्टर अख्खं मूल बघायचे आणि स्वतः लिहायचे. नव्या फॉर्ममध्ये आपण जे निवडू तेवढंच पुढं तपासणीला जायचं. शंभर जणांचे फॉर्म मी भरले होते, प्रत्येकाला बाई विचारायच्या तसं विचारून. आपल्या पोरीचा मात्र एकटीनं, ताठ्यात, कुणाला न दाखवता भरला होता.

"नऊ पावलांनी टक्के गेले नाहीत हो," बाई म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "तुम्ही तिचा डावा हात घरी विसरून आलात."

मग फेरतपासणीचा अर्ज. तो कुणाकडे करायचा हे खिडकीला माहीत नव्हतं, खिडकीच्या साहेबांना माहीत नव्हतं. बाईंनी नियम शोधला, एका पानावर उतरवला, आणि बुधवार नसतानाही त्या मनमाडहून चारदा आल्या. एका ऑफिसात आम्ही दोघी अडीच तास बाकावर बसलो होतो. तेव्हा त्यांनी पिशवीतून पेरू काढला, अर्धा मला दिला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आमच्या खिडकीवर एकदा एक बाई आली होती. तिला मी चुकीचा फलाट सांगितला." मी वाट बघितली. त्यांनी पेरू संपवून हात पुसले. मी पुढचं विचारलं नाही. तेव्हा वाटलं, कधीतरी सांगतील.

दुसऱ्या तपासणीला सई स्वतः चालत आत गेली. चालण्याबरोबर तिचा हात पाहिला, बोलणं पाहिलं. ती डाव्या हातानं बटण लावायचा प्रयत्न करत राहिली, लागलं नाही, आणि तसं लिहिलं गेलं. काहीही लपवायचं नव्हतं आणि काही वाढवायचंही नव्हतं. पिवळं कार्ड आलं, चाळीसच्या वरचं. विमा परत सुरू झाला. मी कार्ड घेऊन बाईंकडे धावले. त्यांनी ते हातातही घेतलं नाही.

"आत किती पावलं चालली?"

"सतरा."

त्यांनी पेन काढलं आणि आमच्या फाइलीच्या मागं मोठ्या आकड्यात लिहिलं, सतरा. मग चिमटा लावून फाइल मला दिली. "कार्ड तुमच्या कपाटात ठेवा. हे तिला ठेवा."

त्यानंतर दोनेक वर्षं आम्ही एकत्र होतो. सई बोलायला लागली, तुटक पण कळेल असं. शाळेत जायला लागली. आणि मागच्या हिवाळ्यात बाई एका बुधवारी आल्या नाहीत. गाडी चुकली असेल म्हटलं. दुसऱ्या बुधवारी नाहीत, तिसऱ्या नाहीत. बटणांचा फोन बंद. लोक येऊन जिन्याखाली बघायचे आणि माझ्याकडे वळायचे. "बाई कुठंयत?" मी म्हणायची, येतील. नियम पुन्हा बदलले होते, अर्जाची पद्धत पुन्हा नवी आली होती. परिपत्रक मी घरी नेलं, एका पानावर उतरवायला बसले आणि रडू फुटलं. मला ते दोन पानांच्या खाली येईना.

चार बुधवार झाल्यावर मी सईला घेऊन मनमाडला गेले. पत्ता नव्हता. स्टेशनवर एका चहावाल्यानं, मी नुसतं वर्णन सांगितल्यावर, ओळखलं. "चौकशीतल्या ताई? त्या तर..." आणि तो थांबला. मग त्यानं गल्लीचा रस्ता सांगितला.

रुळांमागच्या वस्तीत दोन खोल्यांचं स्वच्छ घर होतं. दारात त्यांच्या वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. आत भिंतीला बुद्धांची छोटी मूर्ती, आणि तिच्याखाली बाईंचा फोटो. हार ताजा होता. आमच्या सातपूरच्या घरात बुद्धांची मूर्ती अशाच उंचीवर आहे. इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी एकमेकींना हेही कधी विचारलं नव्हतं.

"झोपेतच गेल्या," वहिनी म्हणाल्या. "महिना झाला. तुम्ही कोण?"

मी म्हटलं, नाशिकहून. दवाखान्यातल्या.

"म्हणजे गुडघ्याच्या?"

मला कळेना. वहिनींनी सांगितलं, ताई दर बुधवारी नाशिकला गुडघ्याच्या उपचाराला जायच्या. सहा-सात वर्षं. "आम्ही म्हणायचो, एवढे उपचार करता, गुडघा तर काही बरा दिसत नाही. तर म्हणायच्या, सावकाश होतं."

आतल्या खोलीत बाईंचे भाऊ टीव्ही बघत होते. तेही रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी आवाज कमी केला, पण मान वळवली नाही. मी वहिनींना सांगायला लागले. स्टूल, चिमटे, परिपत्रकं, रघूचा अंगठा. वहिनींच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मध्येच त्या म्हणाल्या, "थांबा," आणि आत बघून हाक मारली, "अहो, बाहेर या. ताईंबद्दल ऐका हे. गुडघा नव्हता तो."

भाऊ बाहेर आले. उंच, बाईंसारखाच ताठ माणूस. खुर्ची ओढून बसले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते जमिनीकडे बघत ऐकत होते. माझ्या भांडणाचंही सांगितलं, पांढऱ्या कार्डाचंही. काही लपवलं नाही. संपल्यावर त्यांनी खुर्ची थोडी पुढं ओढली. मग म्हणाले, "आमचं फारसं बोलणं नव्हतं. एका घरात राहून. काही वर्षांपूर्वीचं एक कारण होतं, आता ते आठवलं तरी हसू येईल असं." त्यांनी हातानं तोंड पुसलं. "एक विचारू का?"

"विचारा ना."

"हसायची का हो ती तिथं?"

मी उत्तर शोधू लागले. बाईंचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवत होतं. त्यांचे बूट, घड्याळ, मिटलेले डोळे आठवत होते. हसणं आठवेना. खोटं सांगावं असं एकदा मनात आलं.

"खूप," सई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, स्प्लिंट लावलेले पाय लोंबत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाई मुलांशी बोलताना नेहमी खाली वाकलेल्या असायच्या, त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन. आम्हा मोठ्यांना मागून फक्त त्यांचा पांढरा अंबाडा दिसायचा.

"कशाला हसायची?" भावांनी विचारलं. मला नाही, तिला.

सई खुर्चीवरून उतरली, तोल सावरत त्यांच्या गुडघ्यापाशी जाऊन उभी राहिली आणि सांगायला लागली. तिच्या बोलण्याची सवय नसलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागतो. ते पुढं वाकले. वहिनींनी सूप बाजूला ठेवलं.

मीही ऐकत बसले. त्यातलं मला काहीच माहीत नव्हतं.